मागच्या सीटचा उघडा टाका

हमीदाआपांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. गाड्यांच्या गोष्टी एकदा सुरू झाल्या की माणसं मागे पडतात, हे मी इतकी वर्षं पाहत आलोय. आपा अकोटच्या. कापूस पिंजून गाद्या, दुलया, उशा भरणाऱ्या पिंजारी घरातल्या. मोटारीचा कारखाना त्यांनी कधी पाहिला नाही, शाळाही नाही. पण एका फार मोठ्या गाडीच्या मागच्या सीटमध्ये माझी अब्रू अडकली होती, ती त्यांनी सोडवली.

मी मूळचा मालवणकडचा. आठवीत शाळा सुटली. चुलतभाऊ अकोल्यात ट्रकच्या बॉडी बांधायच्या कामावर होता, त्याच्याकडे आलो. पहिल्याच दिवशी एका जुन्या ट्रकची सीट फाडायला दिली आणि आतून नारळाचा काथ्या निघाला. आमच्या परसाचा वास! मी तोंड फिरवलं, तर मिस्त्री म्हणाले, "काय झालं बे कोकणी, काथ्या डोयात गेला काय?" मी म्हटलं, हो. तेव्हापासून वऱ्हाडात माझं नाव कोकणीच. पुढे अमरावतीला स्वतःचं लहानसं दुकान टाकलं. आधी ऑटोच्या सीटा, मग जीप, मग मोटारी. बायको इथली, मुलं इथली, तरी मनात एक धाकधूक राहिलीच, की आपण लांबून आलेले, चुकलो तर आपल्या बाजूने बोलणारं कोण? दुकानाचं कुलूप मी अजूनही तीनदा ओढून पाहतो.

महागड्या गाड्यांचं काम हळूहळू यायला लागलं. डॉक्टर, बिल्डर, क्लासवाले. एका क्लासच्या सरांनी एकदा त्यांची नवी कोरी परदेशी सेडान आणली. चांगली ऐटदार गाडी. पण सरांनी मुंबईत त्याच गाडीचं वरचं रूप पाहिलं होतं. कंपनी एकच, नाक-डोळे तेच, किंमत मात्र दुपटीच्याही पुढे.

"कोकणीभाऊ, तसंच करून द्या," सर म्हणाले. "डोक्यामागं त्या मऊ उशा, मागच्या काचांना पडदे, अन् बाजूच्या खांबावर तो बिल्ला."

मी करून दिलं. बिल्लाही त्यांनीच कुठून तरी मागवला. आठ दिवसांनी परत आले. चेहरा पडलेला.

"सगळं झालं हो. पण दार लावलं की आवाज जुनाच येते."

मी हसलो तेव्हा. पण खरं सांगायचं तर तो आवाज कशाने बदलतो हे मलाही नीट माहीत नव्हतं. मी अशी गाडी उघडून पाहिली नव्हती. माहिती होती ती ऐकीव. ते नंतर अकोटला कळलं, तेही उंदरांच्या कृपेने.

कापसाची फार वाईट वर्षं होती ती. अकोटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पूर्वी हंगामात कापसाच्या गाड्यांच्या रांगा फाटकाबाहेर जायच्या. त्या वर्षांत यंत्रं दोन-अडीच महिने फिरत आणि थांबत. दिगंबरभाऊंची जिनिंग अशीच. भाऊ म्हणजे आडवा, दांडगा माणूस, आवाज यंत्राच्या वरचा. त्यांनी आधीच्या बऱ्या हंगामात मुंबईच्या एका माणसाकडून ही मोठी गाडी जुनी म्हणून घेतली होती. वरच्या रूपाची. आणि गंमत अशी, की भाऊ ती स्वतः चालवायचे. त्यांची बायको, म्हणजे काकू, शेजारी पुढे बसायच्या. जी गाडी मागे बसणाऱ्यासाठी बनवलेली, तिच्या मागच्या सीटवर कोणी कधी बसलंच नव्हतं. पुढे पाऊस गेला, बोंडं गेली आणि भाऊंनी गाडी गोदामात लावून ताडपत्री टाकली.

ओळख झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, गाडी काढत का नाही?

"लोकाईच्या वावरात बोंड नाही, अन् मी हे धूड घेऊन कोनाच्या दारावरून जाऊ?" एवढंच म्हणाले.

गाडी उभी राहिली आणि गोदामातल्या सरकीवर पोसलेल्या उंदरांनी मागची डावी सीट निवडली. ज्याच्या बसण्यासाठी कंपनीने एवढा खटाटोप केला, तो शेवटी उंदीर निघाला.

भाऊ माझ्या दुकानात आले, कारण काकूंच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायची परवानगी दिली, पण बसवून नाही, अर्धं निजवून. रस्ता तीन तासांचा आणि खड्ड्यांचा. ॲम्बुलन्स म्हटल्यावर काकूंनी साफ नकार दिला. "त्या गाडीतून मी घरी येनार नाही. बाया रडत दारात येतील. मी काय मेली?" मग भाऊंना आपल्या गाडीची ती मागची सीट आठवली. ती पलंगासारखी मागे कलते, पायांखाली आधार वर येतो.

"अकरा दिवस हायेत. अशी गाडी केली हायेस ना तू?"

मी म्हटलं, "हो, भाऊ."

हा माझा पहिला गुन्हा. भीतीपोटी माणूस नाही म्हणतो असं लोकांना वाटतं. माझं उलट आहे. मी भीतीपोटी हो म्हणतो.

अकोटला गोदामात ताडपत्री काढली. आधी बॅटरीची तार सोडवून ठेवली, कारण सीटच्या कुशीत अपघातात फुगणारी हवेची पिशवी असते आणि तिच्याशी खेळ नको. तेवढं मला येत होतं. तारांचं काम बघायला भाऊंनी नागपूरहून एक इलेक्ट्रिशियन बोलावला होता. बाकी सगळं माझ्या गळ्यात. गाडीचं पुस्तक इंग्रजीत. मी ते उघडून चित्रं पाहिली आणि मिटून ठेवलं.

मग एकेक थर काढत गेलो आणि त्या क्लासच्या सरांना काय सांगायला हवं होतं ते दिसत गेलं.

साधी महागडी सेडान आणि ही, पुढून बहिणी वाटतात. पण ही वीतभर लांब. ती सगळी वीत मागच्या माणसाच्या पायापुढे दिलेली. त्यामुळे मागचं दारही लांब. दार पूर्ण लावावं लागत नाही, टेकवलं की गाडी ते स्वतः ओढून घेते. काच दुहेरी, मधे पातळ पापुद्रा. गालिच्याखाली बोटभर जाड थर, चाकांच्या वरच्या पोकळीत थर, खांबांच्या आतसुद्धा भरण. आवाज बाहेर राहतो तो बिल्ल्याने नाही, या न दिसणाऱ्या भरतीने. कातड्याचंही तसंच. साध्या रूपात अंग लागेल तिथे खरं कातडं, आणि पाठीमागे, बाजूला त्याच रंगाचं रेक्झिन. कोणाला कळत नाही. इथे जिथे कोणाचा हात जन्मात जाणार नाही तिथेही खरं कातडं, आणि डाग नसलेलं. त्याला बारीक भोकं, खाली छोटे पंखे, म्हणजे उन्हाळ्यात पाठ थंड राहावी. इंजिन म्हणाल तर दोन्हींत जवळपास सारखंच. मग दुप्पट पैसे कसले? साधी गाडी चालवणाऱ्याला खूश करते. ही चालवणाऱ्याला विसरून जाते. तिचं सगळं लक्ष मागे.

भाऊंची एक अट होती. "सीटीत आपल्या जिनचा कापूस भर. गादीत मी दुसऱ्याचा कापूस घेतला नाही आजवर." मी समजावलं, की कापूस भरला तर पंख्यांचा श्वास कोंडेल. मग ठरलं की डोक्यामागची उशी, जी उंदरांनी पार नेली होती, ती जिनच्या कापसाची. तिच्यासाठी भाऊंनी हमीदाआपांना बोलावलं. घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या.

आपा आल्या. साठीच्या आसपास, लहानखुऱ्या, चष्म्याला दोरी. गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकल्या, उघड्या सीटवर तळहात ठेवून डोळे मिटले.

"कोन बसनार हिच्यावर?"

"काकू."

"मंग वैनी बसल्याबिगर शेवटचा वीतभर टाका बंद नको करू. आमच्यात असंच अस्ते. गादी कोनाची, तो लेटला पायजे. मंगच तोंड शिवाचं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, दुलया भरणारी बाई आता मला मोटारीचं शिकवणार. माझ्याकडे मशीन होतं, मुंबईहून मागवलेलं कातडं होतं, घट्ट फोम होता. मी ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

आठव्या दिवशी फोम कापून, चढवून, खोळ ओढून तयार. फक्त दाराच्या बाजूचा टाका राहिला होता. तो मशीनवर होत नाही, गाडीतच वाकड्या सुईने हाताने घालावा लागतो. भाऊ आले. मी म्हटलं, बसून पाहा. ते बसले, जिनिंगच्या तख्तावर बसतात तसे, ताठ.

"झ्याक! माही अन् तिची गादी एकच अस्ते," म्हणाले. आणि निघताना सांगितलं, की डॉक्टरांनी सुट्टी एक दिवस अलीकडे आणलीय.

घाई झाली. मी टाका बंद केला. वीतभरसुद्धा उघडा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आपा उशी घेऊन आल्या. उशी बांधली, आणि त्यांची नजर टाक्यावर गेली. रागावल्या नाहीत. चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ सीटवर बसल्या. "पाडून दे मागं." मी बॅटरीची तार जोडून बटण दाबलं. सीट कलत गेली, पाय वर आले. आपा डोळे मिटून पडून राहिल्या. मग हळूच डाव्या कुशीखाली हात घातला.

"इकडे ये. हात लाव इथं."

मी हात लावला. भाऊंच्या वजनाला तोलून धरायला मी बाजूचा फोम उंच आणि कडक केला होता. ताठ बसणाऱ्या दांडग्या माणसाला तो आधार होता. कललेलं लहान अंग मात्र त्यावरून घसरत खाली येत होतं आणि फोमची ती कड बरोबर डाव्या खुब्यात घुसत होती. काकूंच्या ऑपरेशनच्या जागी. तीन तास. खड्ड्याखड्ड्याला.

"मी अन् वैनी एकाच मापाच्या," आपा म्हणाल्या. "तिचे ब्लाउज मले होतेत. हे शेठची सीट झाली, बेटा. वैनीची नाही."

बाहेरच्या माणसाला वाटेल, टाका उसवायचा आणि पुन्हा घालायचा, त्यात काय! कापडात काही नाही. कापड भोक विसरतं. कातडं विसरत नाही. सुई एकदा गेली की ते भोक कायमचं. शेजारी दुसरी ओळ पडली, तर पोस्टाच्या तिकिटांसारखं तिथून फाटतं. तेवढं कातडं पुन्हा माझ्याकडे नव्हतं आणि काकूंची सुट्टी दुसऱ्या दिवशी सकाळची. टाका उसवला आणि बिघडला तर गाडी जाणार नाही. नाही उसवला तर काकूंचा खुबा. मी ओट्यावर बसून राहिलो.

"अशी गाडी पयल्यांदा करून राहिला ना?" आपांनी विचारलं.

मी वर पाहिलं.

"पयल्याच दिवशी समजलं मले. सीटले हात लावाच्या आंधी तू दोनदा हात पुसला पँटीले. ज्याले येते तो नाही पुसत." मग स्वतःच्या पिशवीतून सुया काढल्या. "ऊठ. भोकं हायेत ना जुनी? त्याच भोकातून जाऊ. भोक नवं नको पाडू, धागा नवा घेऊ."

आम्ही टाका उसवला. फोमची कड मी ब्लेडने चपटी केली. आपा मधून मधून तळहात ठेवून सांगत होत्या, "अजून. अजून थोडी. बस." आणि तेवढ्यात भाऊ आले. उघडी सीट पाहून त्यांचा आवाज यंत्राच्या वर गेला.

"काल त झाली होती म्हने! आज पोट फाडून ठेवलं? उद्या तिले काय बैलगाडीत आनू? काहून बे कोकणी?"

मी हातातलं ब्लेड खाली ठेवलं.

"मीनं उघडाले लावलं," आपा म्हणाल्या. "त्याचं काम बरोबर होतं. माह्या हाताले खडा लागला म्हनून मीनं सांगतलं. बोलाचं त मले बोला. अन् बोलून झालं की बाजूले व्हा, उजेड अडून राहिला."

भाऊ बाजूला झाले. बडबडत का होईना, झाले. ऐंशी किलोमीटरच्या परिसरात त्यांना असं सांगणारं दुसरं कोणी नसावं. मी मात्र गप्प राहिलो. चूक माझी होती हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी त्या दिवशी बोललो नाही, याची टोचणी अजून आहे.

मग आम्ही बसलो. आपा दाराकडून, मी आतून. एक सुई त्यांची, एक माझी, भोक एकच. त्यांची सुई बाहेर आली की माझी आत जायची. बोलणं नाही. फक्त "हं" आणि "ओढ". चष्मा घसरला की त्या मनगटाने वर करायच्या. शेवटची वीत आली आणि त्यांनी धागा सुईसकट गुंडाळून कातड्याच्या कडेखाली खोचला.

"बाकीचा दवाखान्यात. वैनी बसल्यावर. तू जा संग."

"तुम्ही चला आपा."

"मले गाडी लागते," त्या म्हणाल्या. खोटं होतं ते, मला वाटतं. माझं काम मी संपवावं असं त्यांच्या मनात असावं.

सकाळी भाऊंनी गाडी चालवली, मी त्यांच्या शेजारी. दवाखान्याच्या पोर्चमध्ये दोन नर्सनी काकूंना हळूच मागे बसवलं, सीट कलली. काकूंनी श्वास सोडला. मग भुवई वाकडी केली. "थोडं इथं. काही नाही, चालते." चालते म्हणणाऱ्या बायकांचं ऐकायचं नसतं. मी मागचं दार पूर्ण उघडलं आणि खाली गुडघे टेकले. तेव्हा मला त्या जास्तीच्या विताचा खरा उपयोग कळला. साध्या सेडानमध्ये त्या जागेत माझा खांदाच शिरला नसता. इथे मी वाकलो, उघड्या टाक्यातून दोन बोटं आत घातली, फोमची एक चिमूट काढली.

"आता?"

"आता हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

मी सुई सोडवली. टाका घालण्याआधी हात दोनदा पँटीला पुसला आणि त्या ते बघत होत्या.

"अशा किती गाड्या केल्या रे तू?"

पुढे भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. मी एक टाका घातला, धागा ओढला.

"ही पहिलीच, काकू. मी भाऊंशी खोटं बोललो. आणि आपांनी काल जे सांगितलं तेही खरं नव्हतं. चूक माझी होती."

पोर्चमध्ये मागे एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. भाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मंग नीट घाल टाका," म्हणाले. "पयलीच हाये त."

मी नीट घातला. दार टेकवलं, गाडीने ते ओढून घेतलं; पुढे येऊन बसलो, तर तो हॉर्न आत ऐकूच येईना. भाऊंनी एवढ्या हळू गाडी चालवली, की दोन एस्ट्या आम्हाला मागे टाकून गेल्या. अकोटजवळ आल्यावर त्यांनी बटण दाबून मागचे पडदे ओढायला घेतले, लोकांना दिसू नये म्हणून. मागून काकूंचा आवाज आला.

"पडदा उघडा ठेवा जी. लोकाईले दिसू द्या, मी जिती हाओ."

पडदा उघडा राहिला. फाटकाशी आपा उभ्या होत्या. काकू उतरल्यावर त्यांनी आधी सीटवर हात फिरवला, मग माझ्या पाठीवर.

त्यानंतर अशा गाड्यांचं काम माझ्याकडे पुष्कळ आलं. यवतमाळहून, नागपूरहूनही. आता खोटं हो म्हणत नाही. येत नसेल तर येत नाही सांगतो, आणि हात मात्र अजूनही दोनदा पुसतो. माझ्या दुकानात नियम आहे, ज्याची सीट त्याला बसवल्याशिवाय शेवटची वीत बंद होत नाही. गिऱ्हाईकं कुरकुरतात, एकाच कामासाठी दोनदा चकरा का म्हणून. मी म्हणतो, आपांचा नियम आहे. कोण आपा, ते विचारतात. आता हे वाचून त्यांना कळेल.

आपा सध्या घाटापलीकडे, धारणीला मुलीकडे असतात. गुडघे गेलेत. एस्टीची पायरी चढवत नाही, जीपमध्ये कोंबून घेतात ते सोसत नाही. अकोटचं घर, काकू, जिनिंग बघायची फार इच्छा आहे. फोनवर म्हणतात, "जाऊ दे बेटा, घाट लय वाकडा हाये."

माझी स्वतःची गाडी लहान आहे, जुनी आहे, तिच्या दाराचा आवाज तर विचारूच नका. पण तिची मागची डावी सीट मी काढून पुन्हा बांधली आहे. आपांच्या मापाची. गालिच्याखाली थर टाकला आहे. पुढची सीट सरकवून पायापुढे वीतभर जागा काढली आहे. या थंडीत घाट उतरून आपांना मी अकोटला आणणार आहे, आणि पडदा लावणार नाही. गाडीचे ब्रेक तीनदा तपासून झालेत, चौथ्यांदा तपासेन.

सीटचा शेवटचा वीतभर टाका उघडा आहे. सुई धाग्यासकट कडेला खोचून ठेवली आहे. आपा, तुम्ही बसल्याशिवाय मी तो बंद करणार नाही.